बीएस्सी मायक्रो झालं, आता पुढे काय?

या भागाची ही लिखित आवृत्ती. लोकलच्या गर्दीत ज्यांना अर्धंच ऐकू आलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना जे पुढे-मागे झालं होतं ते थोडं सरळ केलंय. बाकी जसा बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका फोनपासून करतो. माझी मामेबहीण, घरात सगळे तिला बारकी म्हणतात, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा संपली त्या रात्री तिचा फोन आला. "दादा, पुढे काय करू?"

आता मी पडलो बीटेक. दिवसभर कोड लिहितो, रात्री पॉडकास्ट करतो. मी एका मिनिटात उत्तर देऊन टाकलं. "अगं, सहा महिन्यांचा डेटाचा एखादा कोर्स कर, नोकरी लागेल."

फोनवर शांतता. मग ती म्हणाली, "दादा, मी तीन वर्षं काय शिकले ते तुला माहिती तरी आहे का?"

नव्हतं माहीत. खरं सांगतो, मायक्रोबायोलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासणारी लॅब, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिच्यापुढे पर्याय होते बरेच. आपल्याच विद्यापीठात एमएस्सी. एका खासगी ठिकाणी भरमसाट फी देऊन एमएस्सी. मेडिकल मायक्रोबायोलॉजी. व्हायरॉलॉजी. नाहीतर परदेशात मास्टर्स, म्हणजे मामाच्या तीन एकरांवर कर्ज. मामा स्वतः काहीच बोलत नव्हता. "तू म्हणशील ते" एवढंच म्हणायचा, आणि त्यानेच बारकीला जास्त टेन्शन आलं होतं.

मग मला सवय आहे ते मी केलं. एखादी सिस्टीम कळत नसेल तर तिची जुनी व्हर्जन्स बघायची. ही विचित्र रचना कशी तयार झाली ते त्यात सापडतं. म्हणून मी शोधायला लागलो, की मायक्रोबायोलॉजी शिकायला पहिल्यांदा लोक कुठे गेले? तेव्हा त्यांच्यापुढे काय पर्याय होते? त्यातून हा भाग झाला.

चार आठवड्यांचा कोर्स आणि चायनाग्रास

१८८०च्या आसपास जाऊया. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा नुकतं सिद्ध होत होतं. रॉबर्ट कॉख हा जर्मनीतला एका आडगावचा सरकारी डॉक्टर. त्याने १८७६मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूचं पूर्ण जीवनचक्र दाखवलं, तेही घरातल्या प्रयोगशाळेत. तोवर तो कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. १८८२मध्ये त्याने क्षयाचा जंतू शोधला आणि मग जगभरचे डॉक्टर बर्लिनला त्याच्याकडे शिकायला यायला लागले.

तिथे ते शिकायचे काय? मुख्यतः हाताचं काम. जंतू वेगळा कसा करायचा, वाढवायचा कसा, रंगवायचा कसा, बघायचा कसा. अडचण अशी होती की जंतू ज्या जिलेटिनवर वाढवायचे ते उकाड्यात वितळायचं, आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकायचे. कॉखच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचा डॉक्टर काम करायचा. त्याची बायको फॅनी घरी जेली करताना अगार वापरायची, म्हणजे आपल्याकडे ज्याला चायनाग्रास म्हणतात ते. तिने सुचवलं, हे वापरून बघा, उन्हाळ्यातही घट्ट राहतं. आज जगातल्या प्रत्येक मायक्रो लॅबमध्ये अगार आहे. आणि १८८७मध्ये कॉखचाच सहायक युलियस पेट्री याने झाकणाची ती उथळ काचेची ताटली आणली, जिला आपण पेट्री डिश म्हणतो.

बारकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आम्हाला अगार पहिल्या सेमिस्टरला शिकवलं, पण फॅनीबाईंचं नाव कोणी घेतलं नाही."

तर १८८८मध्ये पॅरिसहून अलेक्झांडर येर्सां नावाचा एक तरुण बर्लिनला आला आणि कॉखचा हा कोर्स करून परत गेला. का? कारण पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट नुकतीच उभी राहत होती आणि तिथे एमिल रू यांना असाच कोर्स सुरू करायचा होता. मार्च १८८९मध्ये तो सुरू झाला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या जगातल्या पहिल्या नियमित अभ्यासक्रमांपैकी हा एक. येर्सां त्यात रू यांचा मदतनीस होता. काही आठवडे चालणारं शिक्षण, समोर टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक. बास.

लायब्ररीतला माणूस

त्याच १८८९ साली पाश्चर इन्स्टिट्यूटच्या दारात एक एकोणतीस वर्षांचा माणूस उभा राहिला. वाल्देमार हाफकिन. आपल्या परळच्या हाफकिनमधला हाफकिन तो हाच.

हाफकिन ओडेसाचा, ज्यू कुटुंबातला. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकला, तेही मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. मुलगा हुशार, पण झारच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठातली पुढची वाट बंद. धर्म बदल, मग नोकरी देतो, असं त्याला सुचवण्यात आलं. त्याने नकार दिला. काही वर्षं तिथल्या प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काढली, मग जिनिव्हाला शिकवलं आणि शेवटी पॅरिसला आला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्यासाठी एकच जागा रिकामी होती, सहायक ग्रंथपालाची. त्याने ती घेतली.

दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. पुढच्या वर्षी येर्सांला पॅरिसचा कंटाळा आला आणि तो जहाजावर डॉक्टर म्हणून पूर्वेकडे निघून गेला. रू यांच्या कोर्समधली मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि ती हाफकिनला मिळाली.

हे नातं लक्षात ठेवा. एकाच टेबलावर एकामागून एक काम केलेली ही दोन माणसं. पुढे १८९४मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ आली तेव्हा येर्सांने एका गवती झोपडीत प्रयोगशाळा थाटून प्लेगचा जंतू शोधला. आणि दोनच वर्षांनी तो जंतू मुंबईत पोचला, तेव्हा त्याच्यावर लस करायला आला तो येर्सांच्या जागेवर बसलेला माणूस.

मुंबई, १८९६

१८९२मध्ये हाफकिनने पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिली टोचली ती स्वतःला. १८९३मध्ये तो भारतात आला आणि गावोगाव टोचत फिरला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला गेला. ओळखणारे होते डॉ. अकासियो व्हिएगस, मूळचे गोव्याचे. ऑक्टोबरमध्ये हाफकिनला मुंबईला बोलावलं गेलं.

त्याला मिळालं काय? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. सगळं शहर पळून चाललं होतं. आमच्याकडे एखादं स्टार्टअप गॅरेजमध्ये सुरू झालं म्हणून कौतुक होतं, हे तर त्याच्याही खालचं होतं.

इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. प्लेगचा जंतू भरपूर वाढवायचा कसा? हाफकिनने मांसाचं पातळ सूप घेतलं आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. हो, तूप! तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात ना, तसे. भांडं हलवलं की ते सुळके तुटून तळाशी जायचे आणि वर नवीन पीक यायचं. काही आठवडे हे चालायचं. मग उष्णतेने जंतू मारायचे आणि ती झाली लस.

तीन महिने हे काम चाललं. एक मदतनीस मनाने खचला, दोघे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ला हाफकिनने लस स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर महिनाभरात भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. ज्यांनी घेतली त्यांच्यात आजारी पडणारे बरेच कमी निघाले.

तो काळ काय होता, तेही आठवा. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. जूनमध्ये प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. घराघरात सोजीर घुसत होते. सरकारची लस म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. अशा शहरात हा परका माणूस लोकांना म्हणत होता, आधी मला टोचली, मग तुम्ही घ्या.

ऑगस्ट १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचं उद्घाटन झालं. एका खोलीचा महाल झाला. १९२५मध्ये त्याच संस्थेला हाफकिनचं नाव दिलं गेलं. मुंबईतल्या पिढ्यानपिढ्यांच्या मुलांनी जंतूंचं काम हाताने शिकलं ते याच आवारात. म्हणजे आपल्याकडे आधी साथ आली, मग प्रयोगशाळा आली आणि शिकणारी मुलं तिच्या मागून आली. विद्यापीठाने ठरवून विषय काढला आणि मग लॅब बांधली, असं घडलंच नाही.

बाटली ५३-एन

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बघा, डिग्रीबिग्री सगळं झूठ, लायब्ररीत बसूनही माणूस मोठा होतो. मलाही वाटलं होतं. पण गोष्ट पुढे आहे.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. शंभरावर लोकांना प्लेगची लस दिली. त्यातल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला की "मूळ कारण काय" यावर बैठक घेतो. इथे माणसं गेली होती. चौकशी बसली. हाफकिनने लस निर्जंतुक करायची पद्धत बदलली होती, कार्बॉलिक ॲसिडऐवजी उष्णता. संशय तिथे गेला. प्रयोगशाळेतच बाटली दूषित झाली, असा ठपका आला. हाफकिनला कामावरून दूर केलं, तो लंडनला गेला.

त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हातात एक आयता मुद्दा होता. हा डॉक्टर नाही. प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे, परका आहे, आणि आमच्या वैद्यकीय खात्यातल्या माणसांच्या डोक्यावर बसलाय.

पुढे कागद बाहेर आले. त्या दिवशी गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. १९०७मध्ये मलेरियावर नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले आणि त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. तोवर पाच वर्षं गेली होती. तो भारतात परत आला, पण पूर्वीसारखं काम त्याला करू दिलं गेलं नाही.

मी हे बारकीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने मला आजचा हिशोब समजावला. आजही दवाखान्यांच्या मायक्रोबायोलॉजी विभागात एमडी आणि एमएस्सी असा फरक आहेच. एमडी करायला आधी एमबीबीएस लागतं. बीएस्सीवाल्यांना मेडिकल कॉलेजात एमएस्सी मेडिकल मायक्रोबायोलॉजी करता येतं, बऱ्याच ठिकाणी ते तीन वर्षांचं असतं. शिकवायला, संशोधनाला, लॅबला ते चांगलं. पण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वरची खुर्ची साधारण एमडीवाल्यांची. हे आधी माहीत असलेलं बरं. म्हणजे हाफकिनचं शिकणं लायब्ररीतूनही झालं, पण वेळ आली तेव्हा कागद त्याच्या आड आलाच.

उन्हाळी वर्ग

आता थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण हाताने शिकायची ती पॅरिसची पद्धत तिथे वेगळ्याच रूपात भेटते.

हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाचं गाव आहे. तिथली परंपरा रोगाच्या जंतूंपेक्षा मातीतल्या, पाण्यातल्या जंतूंची. तिथून शिकलेला कॉर्नेलिस व्हॅन नील १९२९मध्ये कॅलिफोर्नियात समुद्रकिनारी एका छोट्या केंद्रात गेला. जांभळ्या गंधक-जीवाणूंवर काम करून त्याने मांडलं की झाडं सोडतात तो ऑक्सिजन पाण्यातून येतो. आणि १९३०पासून दर उन्हाळ्यात त्याने एक वर्ग घ्यायला सुरुवात केली. मोजकी मुलं, फळा, आणि ओंजळभर चिखलातून जंतू वेगळे करण्याचं काम. १९६२पर्यंत हे चाललं.

त्या वर्गात १९५३मध्ये एक विद्यार्थी आला, आर्थर कोर्नबर्ग. गंमत अशी की तो एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा प्रमुख होणार होता आणि त्याला स्वतःला हा विषय फारसा येत नव्हता! होता तो रसायनाचा माणूस. लाज न धरता तो उन्हाळी वर्गात येऊन बसला. सहा वर्षांनी त्याला नोबेल मिळालं.

दुसरा असाच वर्ग न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बरला, १९४५पासून. मॅक्स डेलब्रुक नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेला, फेजचा कोर्स. फेज म्हणजे जीवाणूंना खाणारे विषाणू. तीनेक आठवड्यांचा कोर्स. १९४७मध्ये तिथे लिओ झिलार्ड बसला होता, अणुविज्ञानातलं मोठं नाव, पन्नाशीला टेकलेला. पुढच्या वर्षी सेमूर बेंझर आला, तोही भौतिकशास्त्राचाच. जनुक म्हणजे नक्की काय, ते आतून कापता येतं का, हे पुढे बेंझरने फेज वापरूनच दाखवलं.

मला इथे स्वतःचं हसू आलं. मी बारकीला तिचा विषय सोडून माझ्याकडे ये म्हणत होतो. आणि इथे अणूवाले लोक आपला विषय सोडून हातात पेट्री डिश घेऊन उभे होते.

दार उघडायला लावणारी

आता परत घरी. १९३३. मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. तिने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. तिचा विषय जीवरसायन, मायक्रोचा सख्खा शेजारी. गुण होते, तरी प्रवेश नाकारला. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. कारण एकच, मुलगी.

ती बंगळूरला गेली आणि हटून बसली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. एक वर्ष परीक्षेवर ठेवणार. गुरू सांगतील तेवढा वेळ, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. तिने तो अपमान गिळला आणि काम केलं. श्रीनिवासय्या नावाच्या शिक्षकांच्या हाताखाली दुधातल्या, डाळींतल्या प्रथिनांवर. त्यानंतर संस्थेने मुलींना घ्यायला सुरुवात केली. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम केलं आणि १९३९मध्ये पीएचडी घेऊन परत आल्या.

बारकीच्या वर्गात मुलीच जास्त होत्या. तिला हा किस्सा माहीत होता. मला नव्हता. "दादा, आमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर फोटो आहे त्यांचा," असं म्हणाली.

अजून एक नाव सांगतो, कारण त्याने परदेशी कर्जाचा प्रश्न मला जरा वेगळा दिसायला लागला. शंभूनाथ डे, कोलकात्याचे. लंडनला पीएचडी केली १९४९मध्ये आणि परत आले. पण त्यांचं नाव राहिलं ते परत आल्यावर केलेल्या कामामुळे. पटकीचा जंतू माणसाला मारतो तो नक्की कसा? कॉखने १८८४मध्ये कोलकात्यात हाच जंतू अभ्यासला होता आणि अंदाज केला होता की तो एखादं विष सोडत असणार. पाऊणशे वर्षं ते विष कुणी दाखवू शकलं नव्हतं. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. आतडं पाण्याने फुगलं. मग जंतू गाळून काढून नुसतं पाणी सोडलं, तरी फुगलं. म्हणजे विष पाण्यात होतं. १९५९मध्ये हे छापून आलं. ससा, दोरा आणि योग्य प्रश्न. तो प्रश्न कोलकात्यातच सुचण्यासारखा होता, कारण रुग्ण तिथे होते.

पुणे, १९५२

व्हायरॉलॉजी हा बारकीच्या यादीतला पर्याय. तो पुण्यात का आहे, याचीही गोष्ट आहे. १९५२मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. डास, गोचीड यांच्यातून पसरणारे विषाणू शोधणं हे काम. पाचच वर्षांत, १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि जंगलात जाणारी माणसं तापाने फणफणायला लागली. पुण्याची माणसं तिथे गेली आणि नवाच विषाणू सापडला, गोचिडांमधून येणारा. आज त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. सिंधुदुर्गातल्या लोकांना माकडताप म्हटलं की लगेच कळेल.

१९७८मध्ये त्या केंद्राचं नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी झालं. मार्च २०२०मध्ये कोरोनाचा विषाणू भारतात पहिल्यांदा वेगळा केला गेला तो तिथेच. त्या संस्थेत पुणे विद्यापीठाशी जोडलेली व्हायरॉलॉजीची एमएस्सीसुद्धा चालत आली आहे. परळला झालं तसंच इथे झालं. काम आधी, वर्ग नंतर.

मग बारकीने काय केलं?

या सगळ्यातून आम्हाला एक साधी गोष्ट कळली. या विषयात माणसं घडली ती ज्या टेबलावर खरं काम चालू होतं त्या टेबलापाशी. टेबल बर्लिनचं असो, परळच्या जुन्या बंगल्यातलं असो. कागदही लागतो, तो कुठे आडवा येतो ते हाफकिनने दाखवलंय. पण कागद नीट वाचला की उरतं ते टेबल. आणि ते माहितीपत्रकात दिसत नाही, जाऊन बघावं लागतं.

म्हणून आम्ही गेलो. एक शनिवार, मी, बारकी आणि मामा. दोन ठिकाणं बघितली, नावं घेत नाही. बारकीने तिथल्या मुलांना तीनच प्रश्न विचारले. मीडिया तुम्ही स्वतः बनवता की बनवून मिळतं? एका सूक्ष्मदर्शकावर किती जण? शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट स्वतःचा असतो की सीनियरचा कॉपी?

पहिल्या ठिकाणी काचेचं चकाचक स्वागतकक्ष, एसी, प्लेसमेंटचे फोटो. लॅबमध्ये ऑटोक्लेव्हवर धूळ. एक मुलगी हळूच म्हणाली, प्रॅक्टिकल बहुतेक व्हिडिओवर होतात. दुसऱ्या ठिकाणी भिंतींचे पोपडे निघालेले, पण दारातूनच उकळत्या मीडियाचा तो वास आला. बारकी मला म्हणाली, "दादा, हा वास ओळखीचा आहे." तिथली मुलं गावच्या ओढ्यातल्या पाण्यातून जंतू वेगळे करून कुठली औषधं त्यांच्यावर चालत नाहीत ते बघत होती. मामा एका पोराच्या खांद्यावरून वाकून सूक्ष्मदर्शकात बघत राहिला. बराच वेळ. परत येताना गाडीत म्हणाला, "आपल्या विहिरीचं पाणी पण बघता येईल का गं?"

तिने दुसरं ठिकाण घेतलं. कर्ज काढलं नाही. परदेशी जायचंच नाही असं तिचं काही ठरलेलं नाही, पण ते पीएचडीला, तेव्हा पैसे तिकडूनच मिळतात असं तिचं गणित. इकडे राहिली तर नेट देऊन फेलोशिप मिळवायची. जेआरएफला २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहेत.

तुमच्यापैकी कुणी याच वळणावर असेल तर शोधायला नावं सांगून ठेवतो. एमएस्सीच्या प्रवेशाला विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा असतात, त्याशिवाय सीयूईटी पीजी आहे. आयआयटीत जायचं असेल तर जॅममधला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर. बायोटेकच्या काही सरकारी अभ्यासक्रमांना गॅट-बी. पुढे संशोधनाला नेट आणि गेट, आणि गेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये मायक्रोबायोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेच्या साइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर नको.

आता शेवटचं. गेल्या दिवाळीत बारकी घरी आली तेव्हा तिने माझा लॅपटॉप मागितला. मला वाटलं प्रोजेक्ट टाइप करायचाय. तिने कापसाची काडी काढली, कीबोर्डवरून फिरवली आणि एका नळीत घालून ठेवली. आठवड्याने फोटो आला. पेट्री डिशमध्ये पिवळे, पांढरे, एक गुलाबी ठिपका. खाली मेसेज, "दादा, हा तुझा डेटा."

मी तिला तिचा विषय सोडायला सांगणार होतो. तो फोटो मी डेस्कटॉपवर लावलाय.

तुमच्या घरात अशी कुणी बारकी असेल तर हा भाग तिला पाठवा. आणि सल्ला द्यायच्या आधी तिने तीन वर्षं काय केलं ते विचारा. भेटूया पुढच्या भागात. तोवर हात धुवा, कीबोर्ड पुसा!